नळीत राहिलेली पुंगळी

लिऑन्टिनने ती घोंगडीत गुंडाळून आणली,
आजारी कोकरू आणावं तशी.
"बेन्यातआजोबांची. मेंढपाळाच्या गाडीत, बाकाखालच्या फळीत होती.
जमलं तर बघ, नाहीतर भिंतीवर लावीन."

नेवाडाची हवा कोरडी,
पण गंजायला लोखंडाला निमित्त पुरतं:
गळकं छप्पर, किंवा न पुसलेला एक घामट हात.
लिव्हर हलेना.
घोडा पडलेला.

आयुष्यभर पवनचक्क्यांचे पंप उघडले मी.
अडलेल्या स्क्रूशी भांडायचं नसतं.
रॉकेल सोडायचं, फडकं टाकायचं,
आणि दुसऱ्या दिवशी
सहज इकडून चाललो होतो, असं तोंड करून यायचं.
दहाव्या दिवशी तो किरकिरला,
मग म्हाताऱ्याने हट्ट सोडावा तसा फिरला.

नळीखालच्या नळकांड्याचं टोपण काढलं.
स्प्रिंगमागून एकेक करत पाच काडतुसं घरंगळली,
पितळ हिरवं, शिशाची टोकं पांढरी पडलेली.
सहावं नळीत होतं.
नव्हतं.
ती पुंगळी होती, रिकामी.

म्हणजे कुणीतरी चाप ओढला
आणि लिव्हर ओढलाच नाही.
शिकाऱ्याचा हात असा थांबत नाही,
तो मनाला न विचारता पुढची गोळी भरतो.

लिऑन्टिनला मी तेव्हा काही बोललो नाही.

छपराची जुनी पन्हळ दोन शेगड्यांवर ठेवून
तिच्यात नळी उकळली.
तांबडा गंज उकळला की काळा होतो.
खाणाराच मग राखण करत बसतो.
मऊ ब्रशने घास, पुन्हा उकळ,
सात वेळा,
आणि आठव्यांदा, कारण मोजणं चुकलं असेल.
दस्ता अक्रोडाचा. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली,
दबलेलं लाकूड फुगून वर आलं.
टोकाशी चार बारीक खळगे तेवढे राहिले,
एका ओळीत, खोल.
पिल्लाचे दात.
लिऑन्टिनने त्यावर अंगठा फिरवला.
"हे राहू दे."
नुसतं जवसाचं तेल लावलं.

जुलैत आम्ही वर गेलो, अ‍ॅस्पेनच्या राईत.
तिथे मेंढपाळांनी पांढऱ्या सालींवर
नावं कोरलीत, गावं, उघड्या बायका,
मालकाला बास्क भाषेत शिव्या.
एका झाडावर कुत्रा. एक कान दुमडलेला.
खाली: शुरी, १९३१.
अक्षरं झाडाबरोबर सुजून काळी झालेली.
त्यानंतर बेन्यातचं नाव कुठल्याच झाडावर नाही.
गावी परत गेला, असं त्यांच्या घरात सांगतात.
का, ते कुणी विचारलं नाही.

पहिली गोळी टायरला बांधून,
ट्रकमागे बसून, दोरी ओढून.
नळी शाबूत. आमचीही डोकी शाबूत.
मग मी पन्नास पावलांवर
कॉफीच्या डब्याचं झाकण लावलं.
शिसं मी ओतलेलं, दारू बेताची.
दस्त्याचा बूड चंद्रकोरीसारखा, दंडात रुतणारा.
माशी खाचेत बसवली आणि मारली:
डावीकडे, खाली, धुरळा.
माझी पिकेट ट्रकखाली घुसली.

मग लिऑन्टिन.
तिची गोळी झाकणाच्या कडेला लागली, टण्ण,
आणि ती तशीच उभी राहिली,
गाल लाकडाला, डोळे उघडे.
घोडा पडलेला.
वारा आला, गेला.
मी म्हटलं, "ओढ."
"थांब जरा."

मी खिशात हात घातला.
ती जुनी पुंगळी तिथेच होती,
कधीतरी द्यायची म्हणून महिनाभर बाळगलेली.

मग तिने लिव्हर ओढला.
खट्-खळ्ळ, तेलकट, गुळगुळीत आवाज.
पितळ उन्हात चमकून झुडपात पडलं.
पिकेट ट्रकखालून पोटावर सरपटत आली,
त्या गरम पुंगळीला हुंगली,
शिंकली,
आणि लिऑन्टिनच्या बुटावर जाऊन बसली.